औष्णिक वीज केंद्राच्या प्रदूषणाविरुद्ध पाठपुरावा कसा करावा : नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्याला प्रदूषण कळण्यासाठी यंत्र लागत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर, कापसाच्या बोंडांवर आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बसलेली राख रोज दिसतच असते. मात्र हा अनुभव शासनदरबारी पोहोचतो तेव्हा त्याचे वजन कागदावर ठरते. ‘प्रदूषण बंद करा’ या निवेदनाला ‘आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे’ असे एका ओळीचे उत्तर देऊन अधिकारी मोकळा होतो. ‘संच क्रमांक पाचच्या धुराड्यातून अमुक दिवशी अमुक वेळेत संमतीपत्रातील मर्यादेपेक्षा जास्त धूलिकण बाहेर पडले, त्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोणते निर्देश दिले?’ या प्रश्नाला तसे उत्तर देऊन सुटता येत नाही. पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्यांचा उद्देश पहिल्या प्रकारच्या निवेदनाकडून दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाकडे जाणे हाच आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, मौदा, तिरोडा अशा केंद्रांच्या परिसरातील वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असले, तरी बहुतेक कायदे केंद्राचे असल्यामुळे इतर राज्यांतही मार्ग साधारण हाच राहतो.

पहिली पायरी : केंद्रातून काय बाहेर पडते ते समजून घ्या

एका वीज केंद्रात अनेक संच, म्हणजे स्वतःचा बॉयलर व जनित्र असलेले स्वतंत्र विभाग, असतात, आणि प्रत्येक संचाचे वय, क्षमता व त्याला लागू असलेले नियम वेगवेगळे असतात. त्यामुळे ‘केंद्राचे प्रदूषण’ असे मोघम बोलण्याऐवजी सुरुवातीपासूनच संचाच्या क्रमांकाने बोलण्याची सवय लावावी.

५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर सुमारे १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते आणि त्यासाठी ढोबळ मानाने ८,००० टन कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. ते ३५ टक्के धरले तर दिवसाला २,८०० टन राख होते. तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा भट्टीच्या तळाशी पडतो आणि उरलेली २,२०० टनांहून अधिक राख धुराबरोबर वर जाते. ती धुराड्याच्या आधी पकडण्याचे काम ईएसपी, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, करतो. ईएसपीने ९९.९ टक्के राख पकडली तर दिवसाला सुमारे सव्वादोन टन राख हवेत जाते, पण ९९.८ टक्केच पकडली तर साडेचार टन जाते. कागदावर नगण्य दिसणाऱ्या ०.१ टक्क्याने गावावर पडणारी राख दुप्पट होते, हे गणित पहिल्या बैठकीत सर्वांना समजावून सांगावे, कारण ‘आमचा ईएसपी ९९ टक्क्यांहून अधिक कार्यक्षम आहे’ हे वाक्य तुम्हाला पुढे अनेकदा ऐकावे लागणार आहे.

सल्फर डायऑक्साइड मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो हवेत गेल्यावर त्यापासून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातात. हे कण पीएम २.५ मध्ये, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांत, मोडतात व फुप्फुसात खोलवर शिरतात. उंच धुराड्यामुळे शेजारच्या गावातील वायूचे प्रमाण कमी होऊ शकते, परंतु हवेत सोडलेला एकूण वायू तेवढाच राहतो. तो कमी करायचा तर एफजीडी ही धूर धुणारी यंत्रणा लागते. तिच्यात बहुधा चुनखडीच्या साहाय्याने गंधकाचा वायू शोषला जातो आणि जिप्सम तयार होते. याशिवाय नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पारा हे दोन घटकही नियमांच्या कक्षेत येतात.

धुराड्याशी संबंध नसलेली धूळही लक्षात ठेवावी. कोरडा पडलेला राखेचा तलाव, कोळशाचे ढीग, उघड्या ट्रकमधून होणारी राखेची वाहतूक यांची धूळ जमिनीलगत राहते आणि पहिला त्रास जवळच्या वस्तीला देते. अनेक गावांत लोक धुराड्याकडे बोट दाखवतात आणि प्रत्यक्षात घरात येणारी राख तलावाची असते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि तलावावर पाणी फवारणे, ट्रक झाकणे, वाहतुकीचा मार्ग बदलणे ही कामे आठवड्याभरात करून घेता येतात. नव्या गटाने सुरुवात इथूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. लवकर मिळालेल्या छोट्या यशाने माणसे टिकतात.

दुसरी पायरी : आपल्या संचाला कोणती मर्यादा लागू आहे ते शोधा

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक वीज केंद्रांसाठी उत्सर्जनाची नवी मानके अधिसूचित केली. धूलिकणांची मर्यादा ३१ डिसेंबर २००३ पूर्वी बसवलेल्या संचांना प्रति घनमीटर १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ या काळातील संचांना ५० आणि १ जानेवारी २०१७ पासूनच्या संचांना ३० मिलिग्रॅम आहे. सल्फर डायऑक्साइडसाठी २०१७ पूर्वीच्या संचांना, ते ५०० मेगावॅटहून लहान असल्यास ६०० व ५०० मेगावॅट किंवा मोठे असल्यास २०० मिलिग्रॅम, तर त्यानंतरच्या संचांना १०० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरली. नायट्रोजन ऑक्साइडची २००४ ते २०१६ च्या संचांची मर्यादा आधी ३०० होती, ती २०२० मध्ये ४५० करण्यात आली.

ही मानके दोन वर्षांत पाळायची होती. नंतर मुदती वाढत गेल्या आणि २०२१ मध्ये केंद्रांचे तीन वर्ग केले गेले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापासून किंवा दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रे ‘अ’ वर्गात, अतिप्रदूषित क्षेत्रापासून किंवा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रे ‘ब’ वर्गात आणि उरलेली ‘क’ वर्गात गेली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने ‘अ’ वर्गाला सल्फर डायऑक्साइडसाठी ३१ डिसेंबर २०२७ ची मुदत दिली, ‘ब’ वर्गाचा निर्णय प्रत्येक केंद्रापुरता तज्ज्ञ मूल्यमापन समितीवर सोपवला आणि ‘क’ वर्गाला, धुराड्याच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर, या मानकातून वगळले. देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक संच ‘क’ वर्गात आहेत. मला हा निर्णय लोकांच्या आरोग्याच्या विरोधातला वाटतो आणि तो बदलावा म्हणून खासदारांमार्फत व मंत्रालयाकडे मागणी करत राहिले पाहिजे. मात्र स्थानिक पाठपुराव्याची आखणी आज लागू असलेल्या नियमांवरच करावी लागते. तुमचे केंद्र ‘अ’ वर्गात असेल तर एफजीडीच्या कामाची प्रगती मागा. ‘ब’ वर्गात असेल तर समितीपुढे लेखी म्हणणे मांडा. ‘क’ वर्गात असेल तर धूलिकण, नायट्रोजन ऑक्साइड, पारा आणि राख यांवर भर द्या, कारण त्या मर्यादा तिथेही कायम आहेत.

परिसरातील हवेची मानके याहून वेगळी आहेत आणि नवे कार्यकर्ते या दोहोंची हमखास गल्लत करतात. धुराड्यातील वायू मिलिग्रॅममध्ये मोजतात, तर आपण श्वासावाटे घेतो ती हवा मायक्रोग्रॅममध्ये. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम व वार्षिक ४० आहे, तर पीएम १० ची अनुक्रमे १०० व ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक पातळी ५ सुचवली. आरोग्याबद्दल बोलताना हा आकडा जरूर सांगावा, पण कायदेशीर तक्रारीत भारतीय मानकच लिहावे.

तिसरी पायरी : तीन कागद मिळवा

पहिला कागद पर्यावरण मंजुरीचा. तो केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर शोधता येतो. त्यातील प्रत्येक अटीला क्रमांक असतो आणि हरितपट्टा, राखेचा वापर, धूळ नियंत्रण, आरोग्य तपासणी अशा अनेक गोष्टी तिथे लिहिलेल्या असतात. दुसरा कागद या अटींच्या पूर्ततेच्या सहामाही अहवालाचा. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाने तो दरवर्षी १ जून व १ डिसेंबरला सादर करायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. तिसरा कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्राचा, म्हणजे केंद्र चालवण्याच्या परवानगीचा. त्याची मुदत किती, बँक हमी किती व कोणत्या अटीसाठी घेतली आहे, हे वाचताना टिपून ठेवावे, कारण अट मोडल्यास ती जप्त करण्याची मागणी नेमकी आणि लवकर मान्य होण्यासारखी असते.

वेळ लागला तरी हे कागद एकदा मोठ्याने, गटात बसून वाचावेत. मंजुरीतील अट आणि सहामाही अहवालातील तिचे उत्तर शेजारी शेजारी ठेवले की ‘पालन केले जात आहे’ हे शब्द कुठे कुठे पुराव्याशिवाय लिहिले आहेत ते आपोआप दिसते.

जे कागद मिळत नाहीत ते माहिती अधिकारात मागावेत. मोठ्या वीज केंद्रांना निरंतर उत्सर्जन मापन यंत्रणा बसवणे आणि तिची आकडेवारी मंडळांना थेट जोडणे बंधनकारक आहे, त्यामुळे केंद्र खासगी असले तरी ती आकडेवारी मंडळाकडे मागता येते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल :

‘विषय : अमुक औष्णिक वीज केंद्र, संच क्रमांक ५ च्या उत्सर्जनाच्या नोंदी. कालावधी : १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर. (१) निरंतर उत्सर्जन मापन यंत्रणेकडून मंडळाला मिळालेली धूलिकण, सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजन ऑक्साइड यांची तासागणिक सरासरी. (२) ज्या तासांची आकडेवारी मिळाली नाही त्यांची यादी व केंद्राने दिलेले कारण. (३) मर्यादा ओलांडल्याबद्दल मंडळाने पाठवलेल्या नोटिसा व निर्देशांच्या प्रती आणि केंद्राची उत्तरे. माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी.’

अर्जातील दुसरा मुद्दा विसरू नये. आकडे जितके बोलतात तितकेच रिकामे तासही बोलतात. रात्री ईएसपी बंद ठेवतात अशी शंका लोक सर्रास व्यक्त करतात. तासागणिक नोंदी हाती आल्या की ती शंका एकतर खरी ठरते किंवा बाजूला ठेवता येते, आणि दोन्ही गोष्टी उपयोगाच्याच आहेत.

अर्जाचे शुल्क १० रुपये असून उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर आले तर निराश होऊ नये, कारण मंडळाकडे अशी नोंदच नाही हा स्वतंत्र आणि गंभीर मुद्दा आहे.

चौथी पायरी : गावाची स्वतःची नोंदवही ठेवा

नोंदवहीत तारीख, वेळ, ठिकाण, वाऱ्याची दिशा, काय दिसले आणि नोंद करणाऱ्याची सही एवढे रकाने पुरेसे आहेत. ‘१४ जानेवारी, सकाळी ६.४०, शाळेची गच्ची, वारा उत्तरेकडून, राखेच्या तलावावरून धूळ उडताना दिसली, फवारणी बंद होती, फोटो क्रमांक ११ व १२’ अशी एक ओळ दहा भाषणांपेक्षा जास्त काम करते. फोटो नेहमी त्याच जागेवरून, त्याच कोनातून काढावेत, म्हणजे तुलना करता येते. गच्चीवर ठरावीक आकाराचे पांढरे कापड २४ तास अंथरून त्याचे फोटो घेण्याची पद्धतही चांगली आहे. हवा मोजणारे स्वस्त संवेदक (सेन्सर) वापरायचे असतील तर ते काही दिवस सरकारी मापन केंद्राशेजारी ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत. तसे न केल्यास समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात ती आकडेवारी मोडून काढतो.

आरोग्याच्या बाबतीत अधिक काळजी हवी. कोणाचाही आजार ‘या धुराड्यामुळेच झाला’ असे लिहू नये आणि रुग्णाचे नाव तर कधीच देऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातील श्वसनविकारांच्या रुग्णांची महिन्यागणिक एकूण संख्या मागावी आणि स्वतंत्र आरोग्य सर्वेक्षणाची मागणी करावी. खरे दुःख सांगतानाही अतिशयोक्ती झाली तर लोकांचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला वर्षे लागतात.

पाचवी पायरी : योग्य दारावर जा

मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे पहिली लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी आणि प्रत प्रादेशिक अधिकारी, जिल्हाधिकारी व केंद्राचे मुख्य अभियंता यांना पाठवावी. तक्रारीत एकच मागणी, तिचा आधार असलेली अट आणि उत्तरासाठी तारीख असावी. पाहणीसाठी अधिकारी येणार असतील तर तक्रारदारांच्या उपस्थितीत पाहणी आणि पंचनामा व्हावा, अशी मागणी आधीच लिहून द्यावी. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडल्यास तक्रार एका माणसाची राहत नाही. जिल्हा लोकशाही दिनात विषय नेता येतो, आणि स्थानिक आमदारांना तयार प्रश्न लिहून दिल्यास विधिमंडळात सरकारकडून अधिकृत उत्तर घेता येते. त्यांना तीस पानांचे निवेदन देऊ नये, एका पानावर तीन प्रश्न द्यावेत.

राखेसाठी वेगळा आधार आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तयार होणाऱ्या सर्व राखेचा वापर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेवर प्रति टन १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठेवली. आपल्या केंद्राने किती राख वापरली, किती उरली आणि भरपाई आकारली का, हे विचारावे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. म्हणून बंधाऱ्याच्या सुरक्षेचा तपासणी अहवाल पावसाळ्याआधी मागणे ही त्या परिसरातल्या गटांची दरवर्षीची नेमून घेतलेली जबाबदारी असली पाहिजे.

सहावी पायरी : जनसुनावणीची तयारी

नवा संच किंवा विस्तार प्रस्तावित झाला की जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयासह ठरावीक ठिकाणी पाहण्यास ठेवावा लागतो. त्याचा मराठी सारांश मिळतो, पण महत्त्वाचे तपशील मूळ अहवालात असतात. हवेचे मापन कोणत्या महिन्यांत केले, मापन केंद्रे वाऱ्याच्या कोणत्या दिशेला होती, आधीच्या संचांचे प्रदूषण एकत्र धरले का आणि राख कुठे टाकणार, हे चार प्रश्न त्यातून तपासावेत. कोराडी येथील ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांची सुनावणी २९ मे २०२३ रोजी, ऐन उन्हाळ्यात झाली. नागपूरच्या उष्म्यात मंडपात दिवसभर थांबणे वृद्धांना आणि मजुरी बुडवून येणाऱ्यांना किती कठीण जाते याचा विचार गटाने आधी करून पाणी, सावली आणि ने-आण यांची सोय करावी.

सुनावणीत बोलण्याइतकेच लेखी म्हणणे महत्त्वाचे असते, आणि ते सुनावणीआधीही देता येते. वक्त्यांनी मुद्दे वाटून घ्यावेत, म्हणजे एकाने राख, दुसऱ्याने पाणी, तिसऱ्याने आरोग्य मांडावे. शेवटी कामकाजाचा वृत्तांत लोकांच्या भाषेत वाचून दाखवणे नियमाने आवश्यक आहे. तो ऐकल्याशिवाय मंडप सोडू नये आणि आपला मुद्दा सुटला असेल तर तिथल्या तिथे नोंदवून घ्यावा. केंद्रात नोकरीला असलेले शेजारी समर्थनार्थ बोलतील; त्यांना शत्रू मानू नये, कारण तीच राख त्यांच्याही मुलांच्या श्वासात जाते आणि नियंत्रण यंत्रणा चालू ठेवण्याच्या मागणीने कोणाची नोकरी जात नाही.

सातवी पायरी : वीज नियामक आयोग

हे दार बहुतेक पर्यावरण गटांच्या ध्यानात येत नाही. एफजीडी बसवण्याचा व चालवण्याचा खर्च वीजदरातून वसूल होऊ शकतो आणि वीज कायदा २००३ नुसार दर ठरवताना जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्याच लागतात. प्रदूषण नियंत्रणासाठी मंजूर झालेला खर्च प्रत्यक्षात झाला का, यंत्रणा किती तास चालली आणि जुन्या, अकार्यक्षम संचाच्या दुरुस्तीवर पैसा घालण्यापेक्षा तो बंद करणे स्वस्त नाही का, हे प्रश्न महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे मांडता येतात. पर्यावरण खात्याकडे वर्षभर न मिळालेले उत्तर इथे कंपनीला लेखी द्यावे लागते.

आठवी पायरी : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण

पर्यावरणविषयक वाद ऐकणाऱ्या या न्यायाधिकरणाचे महाराष्ट्रासाठीचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. भरपाईची मागणी नसेल तर अर्जाचे शुल्क १,००० रुपये असून वकिलाशिवायही बाजू मांडता येते, तरी अनुभवी वकिलाचा सल्ला घ्यावा. मुदती कडक आहेत. सर्वसाधारण वादासाठी कारण उद्भवल्यापासून सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षे आणि पर्यावरण मंजुरीविरुद्धच्या अपिलासाठी ३० दिवस मिळतात. पुरेसे कारण असल्यास प्रत्येकी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. याचमुळे मंजुरीची तारीख गटातील एका व्यक्तीने सतत पाहत राहणे आवश्यक आहे.

किती काळाची तयारी ठेवावी, हे डहाणूच्या अनुभवातून कळते. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. पर्यावरण कार्यकर्ते बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९६ मध्ये आदेश दिला आणि त्यानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये तेथील ५०० मेगावॅटच्या वीज केंद्राला एफजीडी बसवण्यास सांगितले, तरी यंत्रणा सुरू व्हायला २००७ उजाडले. मधल्या काळात स्थानिक नागरिक आणि प्राधिकरण यांनी विषय सोडला नाही. देशात बहुतेक केंद्रांकडे एफजीडी नसताना डहाणूत ती उभी राहिली.

आदेश मिळाल्यावर त्यातील प्रत्येक निर्देश, जबाबदार अधिकारी आणि मुदत यांचा तक्ता करून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी पूर्ततेचा अहवाल मागणारे पत्र जावे, आणि १ जून व १ डिसेंबर नंतरच्या आठवड्यात गटाची बैठक ठरलेलीच असावी, म्हणजे नवा सहामाही अहवाल आधीच्या अहवालाशी त्याच बैठकीत ताडून पाहता येईल.